साठ्याचे स्थलांतर : गोदीतील पेटी आणि यंत्रातील पेटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा कामगार चळवळीतला मनुष्य गिरण्यांचा किंवा गोदीचा इतिहास सांगेल अशी त्यांची अटकळ असावी. ती अगदीच चुकली असे नाही. गोदीविषयी आम्ही बोलणारच आहोत. परंतु त्याच्या जोडीने संगणकाच्या पोटातील साठा एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवण्याची विद्या कशी वाढत गेली, तेही सांगणार आहोत. आमचे शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा जाणकारांनी चुकले तेथे सांभाळून घ्यावे, एवढी विनंती आरंभीच करतो.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना मालवणला आगबोट कशी येई हे आठवत असेल. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व माल यांची ने-आण होड्यांतून होई. बोटीवरचा माल सुखरूप, धक्क्यावर उतरलेला माल सुखरूप. धोका सारा मधल्या होडीत. भिजणे, बुडणे, गहाळ होणे, जे काही व्हायचे ते त्या अर्ध्या घटकेत. आमचे वडील मुंबईच्या गोदीत टॅलीच्या कामावर होते. टॅली म्हणजे मोजदाद. बोटीवर एक माणूस उतरणारा प्रत्येक डाग मोजतो, धक्क्यावर दुसरा मोजतो, आणि पाळी संपताना दोघांच्या वह्या जुळवून पाहतात. वह्या जुळल्याखेरीज माल पोचला असे कोणी म्हणत नाही. शिमग्याला गावी आले की वडील आम्हांस सांगत, “झिला, आधी मोज, मगे उचल.” हे वाक्य त्या वेळी आम्हांस फार मोठे वाटले नाही. ते मोठे आहे हे आम्हांस एका संगणकाने शिकवले.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमची संघटना बांधकाम मजुरांची आहे: गवंडी, त्यांच्या हाताखालची माणसे, सुतार, रंगारी. या मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. त्याप्रमाणे मागील बारा महिन्यांत निदान नव्वद दिवस बांधकामावर काम केले असेल, तरच मजुराची लाभार्थी म्हणून नोंदणी होई. नोंदणी झाली तर पोराची शिष्यवृत्ती, आजारपणाचे साहाय्य. नाही झाली तर काही नाही. सारा आधार त्या नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. दाखला कागदाचा, घर कौलाचे, आणि पाऊस कोकणचा. शिवाय ठेकेदार एकदा देतो तो दाखला दुसऱ्यांदा देईलच असे नाही. म्हणून आम्ही दाखल्यांची छायाचित्रे कचेरीतील संगणकात ठेवू लागलो. एका सभासदाची कॉलेजात शिकणारी मुलगी ही व्यवस्था पाहते. एका सकाळी ती म्हणाली, “काकानू, डिस्क भरली. आता एक अक्षर मावाचा नाय.”

आम्ही नवी, मोठी डिस्क आणवली आणि फर्मान सोडले: सगळे नव्या डिस्कवर टाक आणि जुनी पुसून मोकळी कर. नोंदणीच्या नूतनीकरणाचे दिवस होते, दारात माणसे बसली होती, आम्हांस घाई होती. या फर्मानात काय चुकले होते, ते कळण्यासाठी मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९५६ हे साल आम्हा महाराष्ट्रीयांस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी स्मरते. त्याच साली अमेरिकेत दोन घटना घडल्या आणि त्या वेळी कोणीही त्यांचा एकमेकींशी संबंध लावला नाही. २६ एप्रिल रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाचे ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. तोवर जहाजावर माल चढे तो सुटा: गोण्या, पिंपे, गासड्या, एकेक डाग माणसाच्या पाठीवरून किंवा क्रेनच्या जाळ्यातून. सुटा माल चढवण्यास टनामागे सहा डॉलरच्या घरात खर्च येई. पेटीतून तोच माल सोळा सेंटांत चढला. दुसरी घटना सप्टेंबरातली. आयबीएम कंपनीने त्या महिन्यात रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. त्यात जगातील पहिली विक्रीस आलेली हार्ड डिस्क होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्या धुडात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे. आज एका मजुराच्या दाखल्याचे चांगले छायाचित्र घेतले तर तेवढ्यानेच ती डिस्क भरून जाईल.

पेटीने मालाला ठराविक आकार दिला, डिस्कने अक्षरांना घर दिले. या दोघींची गाठ पडण्यास पुढे सत्तावन्न वर्षे जावी लागली. मधल्या काळात आणखी एक कल्पना जन्मास आली. ती आधी पाहू.

त्या काळी संगणक इतका महाग असे की एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे भाग होते. पण एकाच्या चुकीने यंत्र बंद पडले की सर्वांचेच काम पडे. यातला धोका गोदी कामगारास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या एकाच जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्येही होती. कापसाने पेट घेतला, आग दारूगोळ्यापर्यंत गेली आणि आठशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या मालाची आग दुसऱ्या मालास भोवेल तो एका खणात ठेवू नये, हा धडा गोदीने रक्त देऊन घेतला.

संगणकातही असे वेगवेगळे खण हवे होते. १९६७ सालच्या आरंभी आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात सीपी-४० नावाची व्यवस्था चालू झाली. एका खऱ्या यंत्राच्या आत तिने अनेक आभासी यंत्रे उभी केली. प्रत्येक माणसास वाटावे की सारे यंत्र आपल्याच मालकीचे आहे, आणि एकाचे आभासी यंत्र कोसळले तरी शेजाऱ्यास त्याची धग लागू नये. इंग्रजीत यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. १९७२ साली कंपनीने ही कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली.

आता यात साठा कुठे राहतो? खरी डिस्क एकच असली तरी तिचे तुकडे पाडून प्रत्येक आभासी यंत्रास एकेक तुकडा दिलेला असे. त्यास मिनिडिस्क म्हणत. गिरणगावातील चाळ डोळ्यांपुढे आणा: इमारत एक, खोल्या अनेक, प्रत्येकाचे कुलूप वेगळे. डिस्क भरली की काही खोल्या दुसऱ्या डिस्कवर हलवाव्या लागत. रीत अशी की खोलीतले सारे टेपवर उतरवायचे आणि टेपवरून दुसऱ्या डिस्कवर चढवायचे. मधली होडी म्हणजे ती टेप. परंतु एवढ्याने काम पुरे होत नसे. कोणाची खोली कोणत्या डिस्कवर, कुठून कुठपर्यंत, याची एक नोंदवही यंत्रात असे. माल हलला पण नोंदवहीतला पत्ता बदलला नाही, तर यंत्र बिचारे जुन्याच दारावर जाऊन उभे राही. साठा हलवण्याच्या विद्येचा पहिला नियम तेव्हापासूनचा आहे: मालाबरोबर पत्ता हलला पाहिजे.

१९९९ साली व्हीएमवेअर या कंपनीने ही आभासी यंत्रे साध्या टेबलावरच्या संगणकात आणली. तेथे खोलीची फाइल झाली. एका आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भली मोठी फाइल. फाइल उचलावी आणि दुसरीकडे ठेवावी, याहून सोपे काय असणार, असे कोणासही वाटेल. पण यातही खाचा आहेत. या यंत्रांची विशिष्ट क्षणीची स्थिती राखून ठेवण्याची सोय असते. ती वापरली की पुढचे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि ही नवी फाइल जुनीवर अवलंबून राहते. मुलाच्या कागदावर बापाचे नाव असावे तसे. मुलास हलवले आणि बापास मागे ठेवले, तर मुलाचा कागद निरुपयोगी. दुसरी खाच जागेची. आतून पुष्कळ रिकामी असलेली फाइल डिस्कवर थोडीच जागा अडवते. पण निष्काळजीपणे नक्कल केली तर रिकामी जागाही माल समजून वाहून नेली जाते आणि नवी डिस्क पहिल्याच दिवशी भरते. २००७ साली याच कंपनीने चालू असलेल्या यंत्राचा साठा काम न थांबवता दुसऱ्या डिस्कवर नेण्याची सोय केली. युक्ती अशी: काम चालू असताना नक्कल करावयाची, त्या अवधीत जे बदलले तेवढे पुन्हा न्यावयाचे, आणि शेवटी क्षणभर थांबवून नव्या जागेवरून काम सुरू करावयाचे. बोट न थांबवता माल दुसऱ्या बोटीत भरावा असे हे कसब आहे.

आता पेटीकडे वळू. आभासी यंत्र म्हणजे प्रत्येक भाडेकरूस वेगळी मोरी, वेगळी चूल, वेगळा जिना बांधून देणे. ते सुरक्षित, पण जड. हलकी सोय निराळ्या वाटेने आली. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या कामास डिस्कचा एकच कोपरा दाखवून बाकीचा झाकून ठेवण्याची युक्ती आली. २००० साली फ्रीबीएसडीने या कोपऱ्यास भक्कम भिंती घातल्या आणि त्यास जेल, म्हणजे तुरुंग, असे नाव दिले. २००८ साली लिनक्समध्ये एलएक्ससी आले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स या तरुणाने कॅलिफोर्नियात डॉकर नावाचे साधन लोकांपुढे ठेवले आणि ते जगभर पसरले. प्रोग्रॅम आणि त्यास लागणारे सारे साहित्य एका ठराविक आकाराच्या पेटीत बंद करावे आणि ती पेटी कोणत्याही यंत्रावर उतरवावी, ही त्यामागील कल्पना. तिला नाव दिले कंटेनर. बोधचिन्ह म्हणजे पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा. आणि डॉकर म्हणजे इंग्रजीत गोदी कामगार! ज्या पेटीने गोदी कामगाराच्या हातचे काम काढून घेतले, तिचीच नक्कल करणाऱ्या साधनास गोदी कामगाराचे नाव मिळाले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसावे की रागवावे हे आम्हांस कळेना.

या पेटीचा साठा तीन ठिकाणी असतो, आणि येथेच आमच्या कचेरीतील चूक दडलेली आहे. पहिला थर साच्याचा. तो बदलत नाही आणि हरवला तर पुन्हा मिळवता येतो. दुसरा थर पेटीच्या आतल्या भिंतीवर चिकटलेल्या लिखाणाचा. पेटी काढून टाकली की तो जातो. तिसरा भाग म्हणजे व्हॉल्यूम. हे पेटीस जोडलेले पण पेटीबाहेरचे कोठार. जे टिकले पाहिजे ते येथे ठेवायचे असते. पेटी मोडली, नवी आणली, तरी कोठार राहते. आता हे सारे, नेमून दिले नसल्यास, संगणकाच्या मुख्य डिस्कवरच एका ठिकाणी साठत जाते. जुने साचे, बंद पडलेल्या पेट्या, विसरलेली कोठारे यांचा ढीग होतो, आणि एके दिवशी डिस्क भरते. मग साठा दुसऱ्या डिस्कवर नेणे प्राप्त होते.

आमच्या सांगण्यावरून त्या मुलीने घाईघाईने काय केले, तर नवी डिस्क जोडून डॉकरच्या सूचनांच्या फाइलीत साठ्याचा नवा पत्ता लिहिला, आणि जुन्या पेट्या एकेक करून बांधून, म्हणजे एक्स्पोर्ट करून, नव्या जागी उतरवल्या. यंत्र सुरू झाले. पडदा तोच, रकाने तेच, संघटनेचे नाव तेच. आम्ही म्हणालो, “झाले. पूस जुने.” ती म्हणाली, “थांबा काकानू, नावा मोजूया.” मोजायला नावे होतीच कुठे? सभासदांची यादी कोरी होती. एकही दाखला नव्हता. पेटी बांधून नेण्याच्या त्या रीतीत जोडलेले कोठार बरोबर येत नाही, ही गोष्ट आम्हां दोघांसही ठाऊक नव्हती. पेटी आली, तिचा रंग आला, तिचे कुलूप आले. माणसे जुन्याच डिस्कवर राहिली होती, आणि ती डिस्क पुसण्याचा हुकूम आम्हीच सोडला होता.

मुलीने ऐकले नाही म्हणून ते दाखले वाचले. दारातील माणसांस आम्ही दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले आणि काम पहिल्यापासून केले. प्रथम डॉकर पूर्ण थांबवले, कारण चालू साठ्याची नक्कल घेतली तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असा गोंधळ होतो. मग सबंध साठा, कोठारांसकट, जसाच्या तसा नव्या डिस्कवर नकलला. जसाच्या तसा म्हणजे प्रत्येक फाइलीची मालकी आणि परवानगी राखून, नाहीतर नव्या जागी यंत्र स्वतःच्याच कोठाराचे दार उघडू शकत नाही. मग सुरू करून टॅली केली. जुनीकडे नावे किती, नवीकडे किती. दाखले किती आणि किती. संगणकात याहून बारीक टॅलीही करता येते. प्रत्येक फाइलीच्या अक्षरांवरून एक आकडा काढतात, त्यास चेकसम म्हणतात. दोन्हीकडचा आकडा जुळला तर नक्कल बिनचूक समजावी. वह्या जुळल्या. तरीही जुना साठा आम्ही नूतनीकरण संपेपर्यंत तसाच ठेवला, आणि त्यानंतर पुसला.

येथे एखादा श्रोता म्हणेल की ही यंत्राची कथा झाली. यात इतिहास कोणता? तो इतिहास मुंबईच्या खाडीच्या दोन काठांवर लिहिलेला आहे. १८८० साली प्रिन्सेस गोदी उघडली, पुढे व्हिक्टोरिया, आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जी पुढे इंदिरा गोदी झाली. तेथे काम करणाऱ्यांत कोकणची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना रोज सकाळी दारात उभे राहून मुकादमाच्या बोटाकडे पाहावे लागे. ज्याच्याकडे बोट होईल त्याची त्या दिवसाची चूल पेटे. ते संपवण्यासाठी १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला. नोंदवही आली. त्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे माणूस असणे. प्लॅसिड डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी या नोंदवहीसाठी आणि तिच्या मागच्या मानासाठी आयुष्य वेचले.

मग पेटी आली. १९७३ साली कोचीनला भारतातील पहिला कंटेनर उतरला. मुंबईच्या जुन्या गोद्या सुट्या मालासाठी बांधलेल्या; अरुंद आणि शहराने वेढलेल्या. साठा भरला होता, दुसरी डिस्क हवी होती. ती खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे बांधली गेली आणि २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागातील शेतकरी उठले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ज्या नव्या डिस्कला आपण रिकामी समजतो ती रिकामी नसते, एवढे तरी त्या पाचांनी आपल्यास शिकवावे.

बंदर सुरू झाले आणि पेट्या पलीकडे गेल्या. आज ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. पण अलीकडच्या काठावरची टोळ्यांची कामे, हमाली, टॅली, वखारी, त्यांच्या भोवतालच्या खाणावळी हे सारे पेटीबरोबर गेले नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या पुढे भरून टाकण्यात आल्या. पेटी गेली, कोठार राहिले, आणि मग जुनी डिस्क पुसली गेली. हे कोणी दुष्टपणाने केले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही त्या दिवशी कचेरीत जे फर्मान सोडले त्यातही दुष्टपणा नव्हता. घाई होती, आणि नव्या पडद्यावर सारे जुन्यासारखेच दिसत होते.

आमच्या चळवळीनेही आपले माप पदरात घ्यावे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कामगारांनी त्यास कडवा विरोध केला, सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. यंत्र यावे की येऊ नये यावर आम्ही पुष्कळ वाद घातला. यंत्र आल्यावर त्यातील नोंदवही कोणाच्या हाती राहील आणि ती हलवताना टॅली कोण करील, हा प्रश्न मात्र आम्ही पुरेसा विचारला नाही. आज मजुराचा भविष्यनिर्वाह निधी, शिधापत्रिका, मच्छीमाराच्या होडीची नोंद, सारे डिस्कवर आहे. आणि त्या डिस्का ज्या प्रचंड इमारतींत ठेवतात त्यांपैकी कितीतरी ऐरोली, महापे, पनवेल येथे, म्हणजे त्याच खाडीच्या त्याच पलीकडच्या काठावर, उभ्या आहेत. तेथे साठा दररोज हलतो. बहुतेक वेळा सुखरूप हलतो, कारण हलवणारी माणसे आपले काम जाणतात. पण ज्याचे नाव त्या साठ्यात आहे त्याला मोजदादीस कोणी बोलावत नाही.

मालवणात सहकारी सोसायट्या आहेत, मच्छीमार संस्था आहेत, वाचनालय आहे. या प्रत्येकाच्या कचेरीत आज ना उद्या डिस्क भरणार आहे, आणि कोणीतरी जाणता तरुण म्हणणार आहे की दुसरीवर टाकू. त्याला जरूर टाकू द्या. पण त्याआधी काम थांबवा, नावे मोजा, कोठार कुठे आहे ते विचारा. टाकल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजा. वह्या जुळल्या तरी जुने लगेच पुसू नका. आणि तुमच्या कचेरीतील एखादी मुलगी हुकूम मोडून “थांबा काकानू” म्हणाली, तर तिच्यावर रागावू नका. टॅलीवाल्याचे काम आज तीच करीत आहे.